अमुक सिस्टर आपल्याकडे होत्या का?

मी दादर-परळ पट्ट्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात एस्टॅब्लिशमेंटला आहे. दारावर आता एचआर अशी पाटी लागलीय, पण जुनी माणसं अजून एस्टॅब्लिशमेंटच म्हणतात आणि काम पण तेच आहे, रजा, इन्क्रिमेंट, सर्व्हिस बुकं, कुणाचं ग्रॅच्युइटीचं भांडण. ह्या सगळ्यात एक काम असं येतं की ज्याचा माझ्या कामाच्या यादीत कुठेच उल्लेख नाही, पण त्याच्यावर कुणाचं तरी दुबई नाहीतर रियाध अडलेलं असतं. मेल येतो. सोबत एक्सपीरियन्स सर्टिफिकेटची स्कॅन, सिस्टरच्या सहीचं संमतीपत्र, आणि खाली प्रश्न. हे सर्टिफिकेट तुम्हीच दिलंय का, ह्या तारखेपासून त्या तारखेपर्यंत ह्या बाई तुमच्याकडे स्टाफ नर्स होत्या का, फुल टाइम होत्या का, खाली ज्यांची सही आहे त्यांना सही करायचा अधिकार होता का. संपलं. ती बाई कशी नर्स होती, शिरा सापडत नसलेल्या म्हाताऱ्याला एका फटक्यात सलाइन लावायची का, हे कुणी विचारत नाही. विचारायचं तरी कसं आणि सांगायचं तरी कुणी.

नर्सेसच्या भाषेत ह्याला ‘डेटाफ्लो लावला’ म्हणतात. हे खरं म्हणजे एका कंपनीचं नाव, पण झेरॉक्ससारखं ते आता कामाचंच नाव होऊन बसलंय. दुबईची हेल्थ ऑथॉरिटी, अबुधाबीचं आरोग्य खातं, सौदीचं कमिशन, कतार, बहरीन, आखातातली ही सगळी मंडळी परदेशी नर्सला लायसन्स द्यायच्या आधी प्रायमरी सोर्स व्हेरिफिकेशन मागतात. म्हणजे कागद सिस्टरनं द्यायचा, पण तो खरा का हे सिस्टरला विचारायचं नाही, ज्यानं कागद काढला त्याला परस्पर विचारायचं. बीएस्सी नर्सिंगची डिग्री असेल तर नाशिकला आरोग्य विद्यापीठाला, आरएन-आरएमचं, म्हणजे नर्स आणि मिडवाइफ म्हणून रजिस्ट्रेशन आणि गुड स्टँडिंग, म्हणजे रजिस्ट्रेशन चालू आहे आणि तक्रार नाही असा दाखला, असेल तर मुलुंडला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला, आणि नोकरीचा अनुभव असेल तर जिथे नोकरी केली तिथे. म्हणजे माझ्या टेबलावर. प्रायमरी सोर्स म्हणजे काहीतरी भारदस्त वाटतं ना, तो सोर्स म्हणजे मी, माझा जुना डेस्कटॉप आणि पोटमाळ्यावरची मस्टरं.

आपल्याकडे कागद खरा करायचा म्हणजे शिक्के मारून आणायचे अशीच सवय आहे. सर्टिफिकेट घ्या, मंत्रालयाच्या साखळीतून फिरवा, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन, तेही 2012 पासून थेट काउंटरवर घेत नाहीत, नेमलेल्या एजन्सीमार्फत द्यावं लागतं. पुढचा देश कुठला त्यावर पुढचा शिक्का. भारत 2005 साली एकमेकांचे कागद मानायच्या हेग कन्व्हेन्शनमध्ये गेला त्यामुळे बऱ्याच देशांना एक अपॉस्टिल, म्हणजे त्या करारातला शिक्का, पुरतं, सौदी पण 2022 मध्ये त्यात आलं, यूएई मात्र नाही, त्यामुळे दुबईवाल्या सिस्टरला परराष्ट्र मंत्रालयानंतर कॉन्सुलेटचा शिक्का वेगळा. पाठीमागे इतकी स्टिकरं लागतात की मूळ सर्टिफिकेट जाड होतं. पण हे सगळे शिक्के काय सांगतात, तर ही सही अमुक अधिकाऱ्याचीच आहे आणि तो अधिकारी खरोखर त्या खुर्चीवर होता. त्याच्या पलीकडे त्या कागदात जे लिहिलंय ते खरं का, ह्याच्याशी अपॉस्टिलला देणंघेणं नाही. ते काम व्हेरिफिकेशनचं. आणि मुली बिचाऱ्या ‘मी तर सगळं अटेस्ट करून घेतलंय की हो ताई, आता परत कशाला’ म्हणून माझ्यासमोर येऊन बसतात, त्यांना हा फरक एजंटानं सांगितलेला नसतो कारण एजंटाला प्रत्येक शिक्क्यामागे पैसे असतात.

कडक का आहेत, हे मला कळतं. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातलं प्रकरण बाहेर आलं, तिथल्या तीन नर्सिंग स्कूलांनी मिळून 7,600 च्या वर बोगस डिप्लोमे विकले होते आणि ते घेऊन लोक लायसन्सच्या परीक्षेला बसलेले. अमेरिकेत हे होतं तर आपण कुठे लागून गेलो. आमच्याकडे सुद्धा एकदा असा मेल आला, सर्टिफिकेट आमच्या लेटरहेडवर, लोगो बरोबर, पत्ता बरोबर, लँडलाइनचा शेवटचा आकडा फक्त चुकलेला, आणि खाली ज्या मेट्रनबाईंची सही होती त्या सर्टिफिकेटच्या तारखेच्या कितीतरी आधी रिटायर होऊन देवगडला आंब्याच्या बागेत जाऊन बसलेल्या. सही सुद्धा त्यांची नव्हती, त्या ‘म’ला शेपटी काढायच्या. मी ‘आम्ही दिलेलं नाही’ म्हणून कळवलं. ती मुलगी कोण, तिनं ते किती हजारात घेतलं, तिला खरंच नर्सिंग येत होतं का, हे मला कधीच कळणार नाही. निगेटिव्ह रिपोर्ट एकदा लागला की तो तसाच सहजी पुसला जात नाही, एवढं मात्र माहितेय. संध्याकाळी लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून घरी जाताना तेच डोक्यात होतं.

आता सगळ्यात जास्त घोळ कशात होतो सांगू? नावात. डिग्रीत नाही, अनुभवात नाही, नावात. आपल्या मराठी बाईचं नाव हा काय प्रकार आहे हे अबुधाबीतल्या माणसाला समजावून सांगायचं म्हणजे एक अख्खा निबंध लिहावा लागेल. मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि वर आईचं नाव वेगळं छापलेलं. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत, नाव आणि मधलं नाव दुसऱ्या ओळीत. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर लग्नाआधीचं. आमच्या सर्टिफिकेटवर, मधेच लग्न झालं असेल तर, अर्ध्या नोकरीत माहेरचं आणि अर्ध्या नोकरीत सासरचं. समजा माहेरची सुजाता गणपत जाधव आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं ‘ऋतुजा’ असं लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, आणि बाई झाली ऋतुजा अमोल पवार. तीनच्या तीन शब्द बदलले. आता व्हेरिफिकेशन करणाऱ्याच्या पुढे दोन बाया आहेत, एकीकडे डिग्री आहे आणि दुसरीकडे पासपोर्ट, आणि दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही!

मग काय, मॅरेज सर्टिफिकेट, नोटरीकडचं ‘ह्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं अॅफिडेव्हिट, आणि राजपत्र, म्हणजे गॅझेट. पूर्वी त्यासाठी चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात खेटे घालावे लागायचे, आता अर्ज ऑनलाइन होतो, पण गॅझेटची प्रत लागतेच. तेवढ्यानं भागत नाही. कौन्सिलमध्ये पण नाव बदलून घ्यायचं, नाहीतर गुड स्टँडिंग जुन्या नावानं येतं आणि परत पहिल्यापासून. गुड स्टँडिंगची गंमत अशी की ते साधारण सहा महिनेच चालतं, त्यामुळे नावाचं निस्तरेपर्यंत ते शिळं होतं, मग ताजं काढा. स्पेलिंगची तर बातच सोडा. एकाच मुलीच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर ‘वैशाली’च्या शेवटी दोन ई आणि डिप्लोम्यावर एक आय, मास्तरांच्या मर्जीवर. त्या आयच्या पायी एक मुलगी माझ्यासमोर रडलीय.

मी स्वतः लग्नात नाव बदललं नाही, म्हणजे आडनाव बदललं, पहिलं नाव सासूबाईंनी ‘राहू दे गं, छान आहे’ म्हणून ठेवलं. त्याचे उपकार मला ह्या टेबलावर बसल्यावर कळले. आता स्टाफमधल्या कुठल्याही सिस्टरचं लग्न ठरलं की मी पत्रिका हातात घेतल्या घेतल्या पहिलं हेच विचारते, नाव बदलणारेस का गं? त्यांना वाटतं मॅडम फार पुढारलेल्या आहेत. मी पुढारलेली वगैरे काही नाहीये, मला मेलला उत्तर द्यायचं असतं.

पण नावाचं काहीतरी होऊ शकतं, दगदग होते पण होतं. ज्याचं काहीच होऊ शकत नाही ते वेगळंच आहे.

आमच्या आयसीयूत एक सिस्टर होती, मूळची कुडाळकडची, हात इतका हलका की पेशंट तिलाच शोधायचे. आमच्याकडे यायच्या आधी ती पाच वर्षं घाटकोपरला एका नर्सिंग होममध्ये होती. वीसेक बेडचं, एका जोडप्याचं, तो सर्जन आणि ती गायनॅक, खाली मेडिकल, वर ते स्वतः राहायचे. अशी नर्सिंग होम मुंबईत गल्लोगल्ली होती, अजून आहेत, आणि मुंबईतल्या निम्म्या नर्सेस तिथेच घडतात असं माझं ठाम मत आहे, कारण मोठ्या हॉस्पिटलात एका सिस्टरला एकच वॉर्ड, आणि इथे तीच डिलिव्हरीला उभी, तीच ओटीत, तीच रात्री दोनला अस्थमाच्या पेशंटला नेब्युलायझर लावणार, आणि सकाळी रजिस्टर पण तीच भरणार. तर त्या डॉक्टरांचं वय झालं, मग ते गेले, बाईंनी पुढे दोनेक वर्षं रेटलं, मग सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. आता तिथे निळ्या पत्र्याचं कंपाउंड आहे आणि बिल्डरच्या टॉवरचं चित्र.

सिस्टरकडे एक्सपीरियन्स लेटर होतं. सुंदर अक्षरात, डॉक्टरांच्या हातचं. पण मेल कुठे पाठवणार? लेटरहेडवर रेडिफचा पत्ता, तो बंद. चालू असता तरी असल्या खासगी पत्त्यावरून आलेल्या उत्तराकडे संशयानंच बघतात, त्यांना संस्थेचा अधिकृत मेल लागतो. फोन लागत नाही. ती म्हणाली, ताई, पीएफचं दाखवू का? पीएफ कुठला, वीसपेक्षा कमी माणसं असली की पीएफचा कायदाच लागू होत नाही, आणि तिथे सगळे मिळून तेरा-चौदा जण. पगार पाकिटातून रोख, त्यामुळे बँक स्टेटमेंट नाही. फॉर्म सोळा नाही. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन सापडू शकतं, 1949 च्या कायद्याखाली ते करावंच लागतं, पण त्यानं फार तर असं हॉस्पिटल होतं एवढं सिद्ध होईल, ती तिथे होती हे नाही. डॉक्टरांचा मुलगा पुण्याला आयटीत आहे, त्यानं फोनवर अगदी आपुलकीनं सांगितलं की सिस्टर आमच्या घरच्याच होत्या, माझी मुंज झाली तेव्हा सुद्धा होत्या, काय लिहून हवं ते देतो. पण तो प्रायमरी सोर्स नाही. तो नुसता खरं बोलणारा माणूस आहे.

शेवटी तिनं ती पाच वर्षं अर्जातून काढूनच टाकली. नुसता आमच्याकडचा अनुभव दाखवला, तो आम्ही लगेच व्हेरिफाय केला, पॉझिटिव्ह आला, प्रोमेट्रिक, म्हणजे तिकडच्या लायसन्सची कॉम्प्युटरवरची परीक्षा, पास झाली, गेली. सौदीत आहे, बरं चाललंय. पण पगाराचा टप्पा अनुभवावर असतो त्यामुळे तिच्याहून ज्युनिअर केरळची मुलगी, जिनं सुरुवातीपासूनची वर्षं मोठ्या चेन हॉस्पिटलात काढली, ती हिच्या वर आहे. त्या मुलीची काही चूक नाही. तिचं हॉस्पिटल मेलला उत्तर देतं, एवढंच.

माझं डोकं इथे फिरतं. प्रश्न नर्सला विचारल्यासारखा वाटतो, खरं तर तो तिच्या मालकांना विचारलेला असतो. तुझ्या मालकांनी रजिस्टर नीट ठेवलं का, तुझा पीएफ भरला का, ते अजून जिवंत आहेत का, त्यांची बिल्डिंग उभी आहे का, आणि त्यांच्या ऑफिसात बसणारी बाई त्या आठवड्यात रजेवर तर नाही ना. ह्यातल्या एकाही गोष्टीवर नर्सचा हात पोचत नाही. मार्क तिचे कापले जातात.

आणि ज्यांचा हात पोचत होता त्यांनी काय केलं, तर कित्येकांनी कागदच अडकवून ठेवले. 2011 च्या शेवटी मुंबईत खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेस संपावर गेल्या होत्या, आठवत असेल काहींना. बाँड भरून घ्यायचे, ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करून घ्यायची, मधे सोडलीस तर पैसे भर आणि मग घेऊन जा. त्या वेळी मी नवीन होते, आमच्या कपाटात सुद्धा काही फायली होत्या, आत प्लॅस्टिकमध्ये डिप्लोमे. नंतर ते सगळं परत दिलं गेलं. 2016 ला सुप्रीम कोर्टानं खासगी नर्सेसच्या पगाराबद्दल समिती नेमायला लावली, समितीनं सांगितलं की पन्नास बेडच्या आतल्या हॉस्पिटलात सुद्धा 20,000 च्या खाली पगार नको. घाटकोपरच्या त्या पाकिटात किती असायचे ते मी विचारलंय, इथे लिहीत नाही, गेलेल्या माणसाबद्दल कशाला.

एजंटांबद्दल थोडं. 2015 मध्ये कोचीत सीबीआयनं कुवेतच्या नर्स भरतीचं प्रकरण काढलं, एकेका नर्सकडून फी म्हणून घ्यायचे होते 19,500 आणि घेत होते साडेएकोणीस लाख. आकड्याकडे नीट बघा, फार हुशार माणसाचं काम आहे. त्याच वर्षी सरकारनं नियम केला की ईसीआरच्या, म्हणजे कामाला जाताना सरकारी मंजुरी बघतात अशा, 18 देशांत जाणाऱ्या नर्सला, तिच्या पासपोर्टवर काहीही असो, एमिग्रेशन क्लिअरन्स लागणारच. त्यामुळे आता ई-मायग्रेटवर, म्हणजे सरकारच्या त्यासाठीच्या पोर्टलवर, नाव चढल्याशिवाय विमानतळावरून परत पाठवतात. मुलींना हा त्रास वाटतो, मला नाही वाटत.

ज्या अमेरिका-कॅनडाच्या मागे असतात त्यांचं दुखणं थोडं निराळं, तिथे नुसतं ‘होती का’ नाही तर किती तास शिकली हे विचारतात. मेडिकल-सर्जिकल किती तास, सायकियाट्री किती, पीडियाट्रिक्स किती, थिअरी वेगळी, क्लिनिकल वेगळं, आणि हे कॉलेजनं भरून परस्पर पाठवायचं, मुलीच्या हातात द्यायचं नाही. आमच्या शेजारच्या स्कूलच्या प्रिन्सिपलबाई रात्री जेवण झाल्यावर वीस-वीस वर्षांपूर्वीची रोटेशनची वही काढून हे तास मोजत बसतात. त्यांची स्वतःची भाची जर्मनीला जायचं म्हणून काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जाऊन जर्मन भाषेच्या बी-टू परीक्षेची तयारी करतेय, तिचे तास पण त्याच मोजणार.

मी आता नोकरी सोडून जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला अनुभवाचं पत्र देताना जरा जास्तच काटेकोरपणा करते असं आमचा नवा मुलगा म्हणतो. पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, आधीचं नाव असेल तर ते कंसात, हुद्दा, वॉर्ड, हॉस्पिटलचे बेड, आठवड्याचे तास, दोन्ही तारखा, कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, सही करणाऱ्याचं नाव हुद्दा, आणि माणसाचा नाही तर खात्याचा मेल आयडी, म्हणजे मी उद्या रिटायर झाले तरी उत्तर जाईल. पूर्वी दोन ओळीत व्हायचं, ‘तिचं वर्तन चांगलं होतं, तिला शुभेच्छा’. वर्तन कुणी विचारत नाही.

परवा अॅडमिनिस्ट्रेटर साहेबांचं सर्क्युलर आलं की पोटमाळा रिकामा करायचा, तिथे नवीन सर्व्हर रूम होणार, 2010 च्या आधीची मस्टरं, हजेरीपट, नर्सिंगची ड्युटी रजिस्टरं रद्दीत घालायची, ऑडिटला आता लागत नाहीत. स्कॅन करायचं कोटेशन मागवलं होतं, ते महाग पडतंय म्हणे. मी गेल्या वर्षभरात आलेल्या मेलच्या प्रिंट काढल्या, ज्यांची उत्तरं फक्त त्या मस्टरांतून देता आली त्या वेगळ्या केल्या, त्यात एक 2004 ते 2008 वाली आहे, ती बाई आता आयर्लंडला चाललीय. सगळं एका नोटशीटला टाचून वर पाठवलंय. साहेबांनी निरोप दिला, ‘सोडून गेलेल्या स्टाफसाठी आपण जागा का अडवायची?’ मी नोटशीटवर त्याखालीच उत्तर लिहून फाइल परत पाठवली, आणि रद्दीवाल्याला, जो दर महिन्याला येतोच, पोटमाळ्याची किल्ली सापडत नाहीये असं सांगितलंय.